वॉस्प अर्थात जॅनेट व्हॅन डाइन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्व्हल कॉमिक्सच्या वॉस्पबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्या वाचकांसाठी आहेत, पुढचे जरा किचकट आहेत. एका उत्तरातली माहिती दुसरीकडे लागत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वॉस्प म्हणजे नक्की कोण? अँट-मॅनची जोडीदार एवढीच तिची ओळख आहे का?

नाही. वॉस्प म्हणजे जॅनेट व्हॅन डाइन, अ‍ॅव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या संघाच्या पाच संस्थापकांपैकी एक. बाकीचे चार म्हणजे आयर्न मॅन, थॉर, हल्क आणि अँट-मॅन. कॅप्टन अमेरिका संस्थापक नाही, तो चौथ्या अंकात आला. जॅनेट श्रीमंत घरातली, पेशाने फॅशन डिझायनर. तिची मुख्य शक्ती म्हणजे शरीर कीटकाएवढे लहान करणे, पंखांनी उडणे आणि हातातून ऊर्जेचा डंख मारणे. पुढे तिने अ‍ॅव्हेंजर्सचे नेतृत्व केले आणि आमच्या मते तिचा सगळ्यात भक्कम काळ तोच आहे (प्रश्न ९ पाहा).

२. ती पहिल्यांदा कधी आली आणि कुणी घडवली?

'टेल्स टू अ‍ॅस्टॉनिश'च्या ४४व्या अंकात, मुखपृष्ठावरची तारीख जून १९६३. कथाकल्पना स्टॅन ली यांची, संहिता अर्नी हार्ट यांची (त्यांनी एच. ई. हंटली हे टोपणनाव वापरले) आणि चित्रे जॅक कर्बी यांची. जॅनेटचे वडील व्हर्नन व्हॅन डाइन हे शास्त्रज्ञ. कॉसमॉस नावाच्या परक्या मुलखातून आलेला एक प्राणी त्यांचा जीव घेतो. त्याचा बदला घ्यायला जॅनेट हँक पिमकडे, म्हणजे अँट-मॅनकडे जाते. पिम तिच्या त्वचेखाली खास पेशी रोवतो. त्यामुळे आकार लहान झाला की तिला पंख आणि शृंगिका (कीटकांच्या डोक्यावरचे स्पर्शक) फुटतात.

सुरुवातीच्या या कथांमध्ये जॅनेट बरीचशी प्रेमात पडलेली, चेष्टेखोर मुलगी म्हणून येते. १९६३ सालचे लेखन तसेच होते. तेवढ्यावरून तिच्याबद्दल मत बनवू नका.

३. तिच्या शक्ती नेमक्या कोणत्या? मुंग्यांवर तिचा ताबा चालतो का?

चार गोष्टी लक्षात ठेवल्या तर पुरे.

पहिली, लहान होणे. तिची नेहमीची उंची ५ फूट ४ इंच. लहान झाली की बहुतेक कथांमध्ये ती साधारण अर्ध्या इंचाची असते. आरंभी यासाठी पिमने बनवलेला वायू आणि गोळ्या लागत. पिम कणांचा, म्हणजे पिमने शोधलेल्या आकार बदलणाऱ्या कणांचा, परिणाम अंगात मुरल्यावर नुसत्या इच्छेने आकार बदलता येऊ लागला.

दुसरी, पंख. ते लहान आकारातच असतात. पूर्ण उंचीला आली की पंख शरीरात मिटून जातात. पूर्ण उंचीच्या जॅनेटच्या पाठीवर पंख दिसले तर ती एकतर चित्रकाराची नजरचूक असते किंवा तो खास त्या कथेपुरता बदल असतो.

तिसरी, डंख. सुरुवातीला हे मनगटावर बांधायचे, दाबलेल्या हवेवर चालणारे उपकरण होते. नंतर ती तिच्या शरीराचीच जैवविद्युत शक्ती झाली. खऱ्या गांधीलमाशीतही डंख फक्त मादीला असतो आणि मधमाशीसारखा तो एकदाच वापरून संपत नाही. हे पात्र घडवताना कुणी एवढा विचार केला असो वा नसो, तो गुण इथे चपखल बसला आहे.

चौथी, कीटकांशी संपर्क. शृंगिकांमुळे तो थोडाफार जमतो, पण तिचा भर त्यावर कधीच नव्हता. मुंग्यांची फौज हे अँट-मॅनचे काम.

४. ती लहान होते तेव्हा कपडेही लहान कसे होतात?

तिचा पोशाख अस्थिर रेणूंच्या कापडाचा असतो. फँटॅस्टिक फोरच्या रीड रिचर्ड्सने शोधलेले हे कापड मार्व्हलच्या जगात सर्रास वापरले जाते. अंगात जो बदल होतो तोच कापडातही होतो. साध्या कपड्यांत अचानक लहान व्हावे लागले की ती कपड्यांच्या ढिगातून बाहेर येते, असे प्रसंग अनेक अंकांत आहेत. जॅनेट इतके वेगवेगळे पोशाख वापरते त्याचे कारण तिच्या पेशात आहे, ते ती स्वतः शिवते. म्हणून पोशाखावरून अंकाचे साल ओळखायला जाल तर फसाल.

५. लहान झाल्यावर तिचे वजन कुठे जाते?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. मार्व्हलचे अधिकृत उत्तर असे की पिम कण शरीराचे जादा वस्तुमान कॉसमॉस नावाच्या दुसऱ्या मितीत ढकलतात आणि परत मोठे होताना तिथून आणतात. प्रश्न २ मधल्या प्राण्याच्या मुलखाचे नावही हेच, हे लक्षात आलेच असेल.

हे उत्तर का लागते, ते आकडे मांडले की कळते. ५ फूट ४ इंच म्हणजे ६४ इंच. अर्धा इंच म्हणजे उंची १२८ पट कमी. पावलाच्या तळव्याचे क्षेत्रफळ १२८ गुणिले १२८, म्हणजे १६,३८४ पट कमी. आणि आकारमान २०,९७,१५२ पट कमी. जॅनेटचे वजन ५० किलो धरू.

वजन तसेच राहिले तर ५० किलोचा भार दीड चौरस मिलिमीटरवर येईल. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३,३०० किलो. टेबलावर उतरताच ती टेबलातून आरपार जाईल, आणि पंखांनी ५० किलो उचलणे तर विसराच. वजन आकारमानाच्या प्रमाणात घटले तर ती २४ मिलिग्रॅमची होईल. मधमाशी साधारण १०० मिलिग्रॅमची असते. मग उडणे सोपे, पण ठोसा मारून माणूस पाडणे अशक्य. स्नायूंची ताकद त्यांच्या जाडीवर, म्हणजे क्षेत्रफळावर ठरते. पूर्ण उंचीला जी बाई ५० किलो उचलते, ती अर्ध्या इंचाची झाल्यावर सुमारे ३ ग्रॅम उचलेल. स्वतःच्या वजनाच्या १२८ पट! तरीही ३ ग्रॅमच.

कॉमिक्समध्ये दोन्ही हवे असते. उडताना ती हलकी आणि ठोसा मारताना पूर्ण माणसाच्या ताकदीची. लेखकागणिक हा हिशेब बदलतो, त्यामुळे 'या अंकात असे, त्या अंकात तसे का' याला एकच नियम लावता येत नाही. चांगले लेखक या अडचणीतून डंखाच्या आधारे वाट काढतात. ऊर्जा दुरून मारायची असेल तर ठोशामागे वजन लागतच नाही.

६. कॉमिक्स बाजूला ठेवा. खरेच अर्ध्या इंचाचा माणूस असता तर काय झाले असते?

पडून मेला नसता, हे नक्की. इतक्या लहान शरीराला हवाच झेलते. जीव बाकीच्या गोष्टींनी घेतला असता.

आधी थंडी आणि भूक. वजनाच्या मानाने त्वचा १२८ पट जास्त, त्यामुळे अंगातली ऊब झपाट्याने निघून जाते. जेमतेम २ ग्रॅमची एट्रस्कन चिचुंद्री रोज स्वतःच्या वजनापेक्षा जास्त खाते आणि तरी कशीबशी तग धरते. २४ मिलिग्रॅमचा उष्ण रक्ताचा प्राणी जगात नाही, त्याचे कारण हेच.

मग पाणी. आपण आंघोळ करून निघतो तेव्हा अंगावर अर्धा मिलिमीटर पाण्याचा थर असतो, त्याचे वजन जाणवतही नाही. अर्ध्या इंचाच्या माणसाच्या अंगावर तोच थर सुमारे ४९ मिलिग्रॅमचा होईल, म्हणजे त्याच्या वजनाच्या दुप्पट. पावसाचा एक थेंब अंगाला चिकटला की सुटका नाही. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ सालच्या एका निबंधात ओल्या माशीची हीच गत सांगितली आहे. हे हॉल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

आवाजाचेही अवघड होते. बाईच्या आवाजाची मूळ वारंवारता २०० हर्ट्झच्या आसपास असते. स्वरयंत्र १२८ पट लहान झाले की ती २५,६०० हर्ट्झवर जाते. माणसाचा कान २०,००० च्या वर ऐकत नाही. म्हणजे वॉस्प कानाजवळ येऊन कितीही ओरडली तरी कॅप्टन अमेरिकेला काही ऐकू येणार नाही. कथांमध्ये संघाशी बोलायला संपर्कयंत्र दाखवतात तेव्हा ही अडचण आपोआप सुटते.

डोळ्याचा विचार सहसा कुणी करत नाही. बाहुली ४ मिलिमीटरची असेल तर ती ०.०३ मिलिमीटरची होईल. एवढ्याशा छिद्रातून प्रकाश पसरतो आणि साधारण सव्वा अंशाहून बारीक काही वेगळे दिसत नाही. मधमाशीची नजर जवळपास अशीच असते. खोलीच्या पलीकडचा चेहरा ओळखता येणार नाही.

७. ती फक्त लहान होते की मोठीही होऊ शकते?

मूळ वॉस्प लहानच होते. राक्षसी आकाराचे काम पिमचे. तो 'टेल्स टू अ‍ॅस्टॉनिश' ४९ (नोव्हेंबर १९६३) पासून जायंट-मॅन झाला. जॅनेटच्या मोठे होण्याचा सगळ्यात गाजलेला प्रसंग 'सीक्रेट इन्व्हेजन'मधला आहे आणि तो तिच्या जिवावर बेतला (प्रश्न १० पाहा).

मोठे होण्यात वरचाच हिशेब उलटा चालतो. उंची १० पट केली की वजन १,००० पट होते आणि हाडांच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र १०० पटच वाढते. म्हणजे प्रत्येक हाडावर १० पट ताण. हा नियम गॅलिलिओने १६३८ साली मांडला होता.

८. अ‍ॅव्हेंजर्स हे नाव तिने ठेवले हे खरे आहे का?

खरे आहे. 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या पहिल्याच अंकात (सप्टेंबर १९६३) संघ जमल्यावर काहीतरी रंगतदार नाव हवे अशी चर्चा होते आणि नाव वॉस्प सुचवते. चित्रपटांमध्ये हे श्रेय दुसरीकडे गेल्यामुळे अनेकांना ते माहीत नसते.

९. हँक पिमने तिच्यावर हात उचलला होता म्हणतात. तो प्रसंग कुठला आणि पुढे काय झाले?

'अ‍ॅव्हेंजर्स' अंक २१३, नोव्हेंबर १९८१. लेखक जिम शूटर, चित्रे बॉब हॉल यांची. त्याआधी जॅनेटचे पिमशी लग्न ६०व्या अंकात (जानेवारी १९६९) झाले होते. पिम तेव्हा यलोजॅकेट या नव्या अवतारात होता, आपण कोण हेच विसरलेला. जॅनेटने मात्र त्याला ओळखले होते.

२१३व्या अंकात मानसिकदृष्ट्या कोसळलेला पिम स्वतःची पत राखण्यासाठी एक खोटा हल्ला रचतो, जॅनेट त्याला अडवू पाहते आणि तो तिला मारतो. संहितेत हा धक्का चुकून लागलेला अपेक्षित होता, चित्रात तो सणसणीत फटका झाला, असे शूटर यांनी पुढे सांगितले. वाचकासाठी मात्र पानावर जे छापले गेले तेच घडले, आणि आम्हीही ते तसेच धरतो.

या प्रसंगाची चर्चा नेहमी पिमच्या बाजूने होते, त्याचे पुढे काय, त्याला माफी मिळावी का. जॅनेटचे काय झाले हे जास्त वाचण्यासारखे आहे. ती घटस्फोट घेते आणि २१७व्या अंकात (मार्च १९८२) स्वतः पुढे होऊन संघाची सूत्रे हाती घेते. त्यानंतर रॉजर स्टर्न यांच्या लेखणीतून ती अ‍ॅव्हेंजर्सच्या उत्तम नेत्यांपैकी एक झाली. २७३ ते २७७ या अंकांतल्या 'अंडर सीज'मध्ये बॅरन झेमोची टोळी अ‍ॅव्हेंजर्सचा वाडा बळकावते, हर्क्युलिस मरणासन्न होतो. बाईच्या हुकमाखाली राहायचे म्हणून हाच हर्क्युलिस आधी कुरकुरत असतो. तो रुग्णालयात असताना टायटेनिया आणि अ‍ॅब्सॉर्बिंग मॅन तिथे चालून येतात. समोर फक्त वॉस्प आणि दुसरा अँट-मॅन, स्कॉट लँग. संघातली अंगापिंडाने सगळ्यात लहान दोघे त्या धिप्पाड जोडीला पुरून उरतात. लहान असणे हे दुबळेपण नाही, ती उभे राहण्याची जागा आहे, हे इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुठल्या कथेत आलेले नाही.

१०. वॉस्प मेली होती ना? मग परत कशी आली?

'सीक्रेट इन्व्हेजन'च्या आठव्या अंकात, २००८ सालच्या अखेरीस, ती मेली असे सगळ्यांनी धरले. पिमचे सोंग घेतलेल्या स्क्रलने (रूप बदलणाऱ्या परग्रहवासीयाने) तिला आकार वाढवण्याचे नवे औषध दिले होते. युद्धात हरताना त्याने तिचाच बॉम्ब केला. ती आवरेना इतकी वाढत गेली आणि शेवटी थॉरने तिला नाहीसे केले. तिच्या स्मरणार्थ खऱ्या पिमने काही काळ वॉस्प हेच नाव घेतले, म्हणून २००९ च्या 'माइटी अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये पुरुष वॉस्प दिसतो.

२०१२ साली ती मायक्रोव्हर्स या सूक्ष्म विश्वात जिवंत सापडते. ही कथा २०१० ला सुरू झालेल्या 'अ‍ॅव्हेंजर्स' मालिकेच्या ३२ ते ३४ या अंकांत आहे. १९६३ च्या मालिकेतले ३२ ते ३४ उघडून गोंधळू नका (प्रश्न १६ पाहा).

११. चित्रपटातली होप व्हॅन डाइन कॉमिक्समध्ये कुठे आहे?

त्या रूपात कुठेच नाही. चित्रपटात होप ही हँक आणि जॅनेटची मुलगी. २०१८ च्या 'अँट-मॅन अँड द वॉस्प'मध्ये ती वॉस्प होते. भूमिका इव्हँजेलिन लिली यांची, जॅनेटची मिशेल फायफर यांची. मार्व्हल स्टुडिओजच्या चित्रपटाच्या नावात नायिकेचा उल्लेख येण्याची ही पहिलीच वेळ. कॉमिक्सच्या एका पर्यायी भविष्यात या दोघांची होप पिम नावाची मुलगी आहे, पण ती खलनायिका, रेड क्वीन.

शक्तीतही मोठा फरक आहे. चित्रपटात सगळे काही पोशाखात असते. पंख यंत्राचे, आकार बदलायचा तर बटण दाबायचे. पोशाख बिघडला की शक्ती संपली. कॉमिक्समधली जॅनेट विवस्त्र अवस्थेतही वॉस्पच असते.

१२. नादिया कोण? ती जॅनेटची मुलगी का?

नाही. नादिया ही हँक पिम आणि त्याची पहिली बायको मारिया ट्रोव्हाया यांची मुलगी. ती रशियातल्या रेड रूम या हेर घडवणाऱ्या संस्थेत वाढली आणि तिथून पळाली. २०१६ साली मार्क वेड आणि अ‍ॅलन डेव्हिस यांनी तिला आणले. ती वडिलांना शोधत येते तेव्हा पिम उरलेला नसतो. जॅनेट तिला जवळ करते आणि ती व्हॅन डाइन हे आडनाव लावते. कॉमिक्समध्ये सध्या दोघीही वॉस्प आहेत. जेरेमी व्हिटली यांची 'द अनस्टॉपेबल वॉस्प' (२०१७) ही नादियाची मालिका. विज्ञानात हुशार मुलींची प्रयोगशाळा हा तिचा गाभा आहे. बारा-तेरा वर्षांच्या वाचकाला सगळ्यात आधी हीच द्या.

१३. जोकास्टा म्हणजे यंत्रमानव झालेली वॉस्पच ना?

अर्धे बरोबर. अल्ट्रॉन या खलनायक यंत्रमानवाने १९७७ साली ('अ‍ॅव्हेंजर्स' १६२) स्वतःसाठी वधू म्हणून जोकास्टा बनवली आणि तिच्यात जॅनेटच्या मनाचा ठसा उमटवला. पुढे तिचे स्वतंत्र व्यक्तिमत्त्व झाले. जॅनेट जॅनेटच राहिली.

१४. आकार बदलणारी पहिली नायिका वॉस्पच का?

नाही. क्वालिटी कॉमिक्सची डॉल गर्ल १९५१ सालची. डीसीची श्रिंकिंग व्हायोलेट मे १९६१ ची ('अ‍ॅक्शन कॉमिक्स' २७६). ती इम्स्क ग्रहावरची. गंमत अशी की डीसीची इलॅस्टी-गर्ल, म्हणजे डूम पेट्रोलची रीटा फार, हिच्या पहिल्या अंकावरही जून १९६३ हीच तारीख आहे. वॉस्प आणि ती एकाच महिन्यातल्या. रीटा लहान-मोठी दोन्ही होते आणि नुसता एक हातही वाढवू शकते, जे जॅनेटला जमत नाही.

स्कॉट लँगची मुलगी कॅसी २००५ पासून 'यंग अ‍ॅव्हेंजर्स'मध्ये स्टॅचर या नावाने मोठी होते. जायगँटा मात्र नायिका नाही, ती वंडर वुमनची शत्रू.

१५. हे आपल्या मारुतीसारखेच नाही का?

अनेक वाचक समर्थांच्या मारुती स्तोत्रातला अणूपासून ब्रह्मांडाएवढा होणारा मारुती आठवून हे विचारतात. कॉमिक्सकारांनी तिथून काही घेतल्याचा कुठलाही पुरावा नाही. साम्य पाहायचे तर एक मुद्दा खरेच लक्ष देण्याजोगा आहे. अष्टसिद्धींमध्ये अणिमा आणि महिमा या आकाराच्या सिद्धी वेगळ्या आहेत, आणि गरिमा-लघिमा या वजनाच्या वेगळ्या. आकार आणि वजन यांचा एकमेकांशी संबंध असलाच पाहिजे असे तिथे धरलेले नाही. प्रश्न ५ मधला घोळ नेमका याच जागी होतो.

१६. वाचायला कुठून सुरुवात करू? अंकांचे क्रमांक जुळत नाहीत.

'अ‍ॅव्हेंजर्स' मालिका १९६३ ते १९९६ सलग ४०२ अंक चालली. मग १९९६, १९९८, २०१०, २०१२ अशी पुन्हा पुन्हा १ पासून सुरू झाली. मध्येच २००४ साली जुन्या मोजणीने ५००वा अंकही निघाला. म्हणून क्रमांकासोबत मालिका सुरू झाल्याचे साल पाहिल्याशिवाय विकत घेऊ नका. जुन्या अंकांवरची तारीख प्रत्यक्ष विक्रीच्या सुमारे दोन महिने पुढची असते, हेही ध्यानात ठेवा.

क्रम असा ठेवा: आधी 'अंडर सीज', मग मागे जाऊन २११ ते २१७, मग 'द अनस्टॉपेबल वॉस्प', आणि अल यूइंग यांची २०२३ ची चार अंकी 'वॉस्प', जिच्यात जॅनेट आणि नादिया एकत्र आहेत. १९६३ च्या कथा सगळ्यात शेवटी वाचा. सुटे जुने अंक महाग पडतात, संकलित खंड किंवा मार्व्हल अनलिमिटेड अ‍ॅप स्वस्त पडते.

१७. मी वॉस्पचे चित्र काढतो, पण ती लहान वाटत नाही, बाहुली वाटते. काय चुकते?

बहुधा डोके मोठे होते. लहान झाली तरी तिचे प्रमाण मोठ्या माणसाचेच राहते, उंची डोक्याच्या साडेसात पट. डोके वाढवले की लहान मूल किंवा बाहुली दिसते.

आकार ठरतो शेजारच्या वस्तूने. चौकटीत ओळखीची एक तरी वस्तू ठेवा आणि मोजून ठेवा. अर्धा इंच म्हणजे १.२७ सेंटीमीटर. रुपयाचे नाणे उभे केले तर ती त्याच्या साधारण ६० टक्के उंचीची होते. ८ सेंटीमीटरचा चहाचा कप तिच्या सहापट, १४ सेंटीमीटरचे बॉलपेन अकरा पट. दृष्टिकोन तिच्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे टेबलाच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकलेला घ्या. वरून पाहिले की ती खेळणे होते.

मागची पार्श्वभूमी धूसर करा. जवळून काढलेल्या फोटोत फार थोडा भाग स्पष्ट येतो आणि डोळा त्यावरूनच 'हे लहान आहे' असे ठरवतो. कपाच्या कडेवरचे पाण्याचे थेंब तिच्या डोक्याएवढे आणि फुगीर गोल काढा, पसरट नकोत. टेबलाचे लाकूड गुळगुळीत दाखवू नका, त्यातल्या चिरा तिच्या पावलाएवढ्या असतात. पंख चार, पुढची जोडी मोठी, मागची लहान. दोनच काढले तर ती माशी होईल. वस्तूंच्या कडा जाड रेषेने आणि तिची आकृती बारीक रेषेने काढा. दोन्हीला एकच पेन वापरला की कपाशेजारी मोठी बाई उभी आहे असे वाटते.